शर्टाचा रंग आणि दंडावरची पट्टी

माझी मुलगी नाटकांची वेशभूषा करते. माझी थोरली बहीण कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाली. मुलीच्या हातात सध्या १९३२ सालच्या बर्लिनमध्ये घडणारं एक नाटक आहे, आणि त्यातल्या शर्टांवरून आत्या-भाचीची जी जुंपली ती इथे जमेल तशी उतरवली आहे. आवाज चढले की मी चहा ठेवायला उठत होतो, त्यामुळे मधले काही वार निसटले असतील. माझं म्हणणं कंसात.

भाची: दिग्दर्शकाला सगळं काळं हवंय. काळा कोट, चकचकीत बूट, दंडावर लाल पट्टा. मी सांगून दमले, की १९३२ मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर धुडगूस घातला तो तपकिरी शर्टवाल्यांनी. एसए, म्हणजे नाझींचं वादळी दल. ते लाखांच्या घरात होते. काळे एसएसवाले, म्हणजे नाझींचंच दुसरं दल, त्यांच्यापुढे थोडे, आणि तो काळा गणवेश तर त्याच वर्षी ठरला. पण त्याला इतिहास नको, रुबाब हवाय. आणि एका अर्थी त्याचं बरोबर आहे. लोक त्या रुबाबावरच भाळले.

आत्या: भाळले? मग १९२८ मध्ये का नाही भाळले? शर्ट १९२६ पासून तोच. झेंडा १९२० पासून तोच. संचलनं, ढोल, मशाली, सगळं होतं. आणि १९२८ च्या निवडणुकीत मतं पडली २.६ टक्के! चार वर्षांनी, जुलै १९३२ मध्ये, ३७.३ टक्के. शर्टाचा रंग बदलला नव्हता. मधल्या काळात अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला, जर्मन बँका बुडाल्या, बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला.

भाची: बेकारी अमेरिकेतही होतीच. तिथे कुठे हिटलर आला?

आत्या: पण शर्ट तिथेही आले होते, बाई! विल्यम पेली नावाच्या गृहस्थाने १९३३ मध्ये चंदेरी शर्टवाल्यांची फौज उभी केली. काही झालं नाही. मेक्सिकोत सोनेरी शर्ट होते, ब्राझीलमध्ये हिरवे, आयर्लंडमध्ये निळे. वुडहाउसने १९३८ च्या एका कादंबरीत या सगळ्याची टर उडवली. त्यातला रॉडरिक स्पोड पक्ष काढायला उशिरा पोचतो, तोवर शर्टांचे रंग संपलेले असतात. मग त्याचे अनुयायी काळ्या अर्ध्या चड्ड्या घालून हिंडतात.

(वुडहाउसचं नाव निघालं की आमच्या घरात पाच मिनिटं तरी वाद थांबतो. या वेळी दोनच मिनिटं थांबला.)

भाची: तू मतांचे टक्के मोजतेस, मी माणूस बघते. बावीस वर्षांचा पोरगा, काम नाही, सकाळी उठून जायला जागा नाही. त्याला हा शर्ट मिळतो. शर्टाबरोबर हुद्दा, पथक, दलाच्या वसतिगृहात गरम सूप, आणि रस्त्याने चालताना बाजूला सरकणारी माणसं. काल ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्याच्याकडे आज बघावंच लागतं. हे काम कापड करतं. तुमच्या अर्थशास्त्राला ते करता येत नाही.

आत्या: हे मान्य. पण मग तो शर्ट किती विचार करून निवडला, तेही सांग की. तुलाच ठाऊक आहे.

भाची: (जरा नाइलाजाने) नव्हता निवडला. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीच्या फौजेसाठी केलेले शर्ट होते ते. युद्धात वसाहत गेली, माल पडून राहिला. गेरहार्ड रोसबाख नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने १९२४ च्या सुमारास ऑस्ट्रियातून तो स्वस्तात उचलला.

आत्या: म्हणजे गोदामातला शिल्लक माल.

भाची: सुरुवात तिथून झाली. पुढे पक्षाने त्यातून पद्धतशीर धंदा उभा केला. शर्ट, टोपी, पट्टा, बिल्ले, सगळं पक्षाच्या ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचं, आणि तेही स्वतःच्या खिशातून. सिगारेटसुद्धा ठरलेली. १९२९ मध्ये ड्रेस्डेनच्या एका कारखान्याशी करार झाला. ‘स्टुर्म’ नावाची सिगारेट, विक्रीतला वाटा एसएला. दुसरी सिगारेट ओढताना सापडला तर त्याची खैर नसे.

आत्या: ही माहिती मला तुझ्या रुबाबापेक्षा कितीतरी जास्त आवडते. आणि ते ह्यूगो बॉसचं काय?

भाची: व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, की काळा गणवेश त्याने डिझाइन केला. नाही केला. तो आराखडा कार्ल डीबित्श आणि वाल्टर हेक यांचा. बॉसचा मेत्सिंगेन गावात शिवणकामाचा कारखाना होता. नाझींचे गणवेश शिवून देणाऱ्या अनेक कारखान्यांपैकी एक. १९३१ मध्ये तो स्वतः पक्षात गेला. युद्धाच्या काळात त्याच्याकडे सुमारे १४० सक्तीचे मजूर होते, बहुतेक बायका, आणि वर ४० फ्रेंच युद्धकैदी.

आत्या: मग लोकांना डिझायनरची गोष्ट का आवडते, बघ. डिझायनर म्हटलं की सगळं प्रकरण फॅशनच्या मासिकात जाऊन बसतं. सक्तीने शिवायला बसवलेली बाई त्या गोष्टीत कुठे दिसत नाही. लेखिका सुसान सोनटॅगने १९७५ मध्ये हेच दुखणं दाखवलं होतं: फॅसिझम मेला, पण त्याचं देखणेपण बाजारात विकायला उरलं. इंग्लंडच्या राजपुत्राने २००५ मध्ये पार्टीला दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधली, ती काही कुणाला मारायला नव्हे. त्याला तो नुसता ड्रेस वाटला. तुझा दिग्दर्शक त्याच रांगेतला.

भाची: इतकं टाकून बोलू नकोस. कपड्यात जोर नव्हता म्हणतेस, तर सरकारं त्याला घाबरली कशी? प्रशियाच्या सरकारने जून १९३० मध्ये तपकिरी शर्टावर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींचे १०७ जण निवडून आले, आणि १३ ऑक्टोबरला ते सगळे राइशटागमध्ये तपकिरी शर्ट घालून बसले. रस्त्यावर बंदी, आणि कायदे करायच्या सभागृहात तोच शर्ट. यापेक्षा मोठा नाट्यप्रसंग मला लिहून दाखव.

आत्या: आणि रस्त्यावरचे काय करत होते?

भाची: पांढरे शर्ट घालून फिरत होते.

आत्या: संपलं! तपकिरी काढायला लावला, पांढरा चढवला. तेच हात, त्याच लाठ्या. एप्रिल १९३२ मध्ये चॅन्सेलर ब्रूनिंगच्या सरकारने अख्ख्या एसएवर आणि एसएसवर बंदी घातली. जूनमध्ये नवा चॅन्सेलर पापेनने ती उठवली. १७ जुलैला हाम्बुर्गजवळच्या आल्टोनात त्यांचा मोर्चा कम्युनिस्टांच्या मोहल्ल्यात घुसला, १८ माणसं मेली. बंदी घालणारं सरकार गेलं आणि उठवणारं आलं, यात शर्टाचा काय संबंध?

(इथे मी विचारलं, की त्या वेळी गणवेश एकट्या नाझींचेच होते का. बहिणीने माझ्याकडे पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. कम्युनिस्टांचं लाल आघाडीचं दल १९२९ मध्ये बंदी येईपर्यंत उघडपणे होतं, प्रजासत्ताकाच्या बाजूने उभं राहणारं ‘राइशबानर’ होतं, सगळे एकाच धाटणीच्या कपड्यांत कवायत करत होते. १९३२ मध्ये समाजवाद्यांनी तीन बाणांचं चिन्ह काढलं. भिंतीवरच्या स्वस्तिकावर तीन तिरके फटकारे मारले की ते खोडलं जायचं. चिन्ह म्हणून ते अव्वल होतं. निवडणूक त्याने जिंकता आली नाही.)

भाची: इटलीत तर तुझं अर्थशास्त्र चालणारच नाही. काळा शर्ट पहिल्या महायुद्धातल्या ‘आर्दिती’ नावाच्या झडप-तुकड्यांकडून आला. मृत्यूला न भिणारे म्हणून त्यांचा दबदबा. युद्ध संपल्यावर कवी द’अन्नुन्झिओ त्यांच्यासकट फियूमे शहरात घुसला, सज्जातून भाषणं, घोषणा, हात वर करून सलाम. मुसोलिनीने हे सगळं तयार उचललं. वर रोमन लिक्टरांची काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड घेतली, तिच्यावरूनच तर चळवळीला नाव पडलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दंडसत्तेचं चिन्ह. हे सगळं नेपथ्य काढून घे, मग फॅसिझम कुठे उरतो दाखव.

आत्या: ती मोळी वॉशिंग्टनला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सभापतींच्या आसनामागे भिंतीवर आहे. लिंकनच्या पुतळ्याच्या खुर्चीलाही आहे. तिथे बसून कुणी फॅसिस्ट होत नाही. आणि रोमवरची चढाई? ऑक्टोबर १९२२. पावसात भिजलेले काळे शर्टवाले, अर्ध्यांकडे धड हत्यार नाही. सैन्याने ठरवलं असतं तर दुपारपर्यंत घरी गेले असते. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. २८ तारखेला राजाने, तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने, त्यावर सही करायला नकार दिला. मुसोलिनी तेव्हा मिलानला होता. तिथून तो रात्रीच्या रेल्वेने, झोपायच्या डब्यातून, रोमला आला. काळ्या शर्टांनी रोम जिंकलं ही कथा नंतर रचली गेली. रोम राजाने दिलं.

भाची: राजाने का दिलं? कारण रस्त्यावर ते दिसत होते. दिसण्याची भीती वाटली.

आत्या: भीती वाटली असेल. पण त्याआधी दोन वर्षं हेच लोक पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना मोडत होते, सोटे मारत होते, माणसांच्या घशात एरंडेल ओतत होते. जमीनदार त्यांना पैसे देत होते आणि पोलीस बघत उभे होते. शर्ट बघून कुणी पळालं नाही, पोलीस हलत नाहीत हे बघून लोक पळाले. १९२३ मध्ये त्याच टोळ्यांची सरकारी ‘मिलिशिया’ झाली.

भाची: पोलीस बघत का उभे राहिले, त्याचं उत्तरही कापडातच असेल, आत्या. टोळक्यातला गुंड गुंडासारखा दिसतो. शंभर जण एका रंगात, एका रांगेत आले की ते शिपायांसारखे दिसतात. शिपायाला शिपाई आपला वाटतो.

(बहीण यावर गप्प बसली. मला मुलीचा हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटला. बहिणीलाही वाटला असावा, कारण ती लगेच भारताकडे वळली.)

आत्या: मग खान अब्दुल गफारखानांचे खुदाई खिदमतगार घे. लाल शर्ट, हुद्दे, कवायत, ढोल. पांढरे कपडे मळतात म्हणून विटकरी रंगात बुडवलेले, बाकी थाट सगळा लष्करी. आणि शपथ अहिंसेची. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबार झाला, तेव्हा ते गोळ्या झेलत उभे राहिले. गणवेशाने माणूस फॅसिस्ट होत असता तर पहिले तेच व्हायला हवे होते. १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसला सुभाषबाबूंनी लष्करी पोशाखात स्वयंसेवकांचं संचलन घेतलं. गांधींना ते सर्कशीसारखं वाटलं, ते सोड. पण त्याला फॅसिझम म्हणशील?

भाची: आणि हिंदू महासभेचे डॉ. मुंजे? ते तर गोलमेज परिषदेहून परतताना मुद्दाम रोमला थांबले. १९ मार्च १९३१ ला मुसोलिनीला भेटले, ‘बालिल्ला’ या मुलांच्या फॅसिस्ट संघटनेची कवायत पाहून भारावले, रोजनिशीत लिहून ठेवलं. १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढलं. हे तर धाग्याला धागा जुळतं.

आत्या: भेट खरी, भारावणं खरं, आणि ते कुणी लपवू नये. पण त्यावरून संघाच्या खाकीचा उगम इटलीत शोधू नकोस. खाकी इंग्रजांच्या फौजेतून सगळ्यांकडे आली. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्येच स्वयंसेवकांना गणवेश होता, आणि त्या व्यवस्थेत पुढे संघ काढणारे डॉ. हेडगेवार होते. तेव्हा मुसोलिनीला इटलीतसुद्धा फारसं कुणी विचारत नव्हतं. संघाचं मूल्यमापन करायचं तर त्याच्या विचारांवरून आणि कृतीवरून कर, खुशाल कडक कर. चड्डीवरून करशील तर २०१६ मध्ये त्यांनी फुलपँट घातली, मग काय म्हणशील? सगळं मिटलं?

(दोघी संघाबद्दल पुढे बरंच बोलल्या. शर्टाचा विषय त्यात हरवला, म्हणून ते गाळतो.)

भाची: बरं, तुझ्या हिशेबाने गणवेशाशिवाय हुकूमशाही चालायला हवी.

आत्या: चालली की! आपल्या शेजारी, गोव्यात. तिथे राज्य पोर्तुगालच्या सालाझारचं, आणि त्याला कुणी कधी रंगीत शर्टात पाहिला नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, कायम सूट. पोर्तुगालमध्ये निळ्या शर्टवाल्यांची एक चळवळ होती, रोलाँव प्रेतोची. १९३४ मध्ये सालाझारने तीच मोडून काढली. पोरांसाठी हिरव्या शर्टांची संघटना काढली ती नंतर, ताब्यातली. आणि सुटातल्या त्या माणसाच्या राज्यात गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉर होत होत्या. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यात आपल्याकडून गेलेले किती होते! त्यांच्यापुढे कुठलं रंगीत टोळकं नव्हतं. बंदुका सरकारी होत्या.

भाची: आणि कापडाने मारलं ते? सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला छातीवर पिवळा तारा शिवावा लागला. फ्रान्सच्या व्याप्त भागात जून १९४२ मध्ये तोच नियम आला, तेव्हा तीन ताऱ्यांमागे कापडाच्या रेशनमधला एक गुण कापून घेत. आपल्याला ओळखून मारता यावं म्हणून लागणारं कापडही त्यांनीच आपल्या रेशनमधून द्यायचं. तू म्हणतेस कापड वरवरचं. हे वरवरचं आहे?

आत्या: (बऱ्याच वेळाने) नाही. पण तो गणवेश नव्हता, तो हुकूम होता.

भाची: मी तेच म्हणतेय. कापडावर हुकूम लिहिता येतो.

आत्या: चल, मग चिन्हांचं बोल. स्वस्तिकावर बंदी असावी?

भाची: तिथे माझी पंचाईत होते. माझी मेलबर्नची मैत्रीण दिवाळीला दारात रांगोळी काढते. व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदीचा कायदा केला, त्यात हिंदू, बौद्ध, जैनांच्या स्वस्तिकाला वगळलं. तिला बरं वाटलं. तरी शेजारच्या आजीबाईंचं कुटुंब पोलंडमधून आलेलं, म्हणून ती स्वस्तिक दाराबाहेर काढत नाही, आत देवापाशी काढते. आमचं चिन्ह पाच हजार वर्षांचं, आम्ही का माघार घ्यायची, असं मी म्हणत होते. तिचं वागणं बघून ते म्हणणं सोडलं.

आत्या: आणि आपण इथे काय करतो? २००६ मध्ये खारघरला एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं होतं. मुंबईच्या ज्यूंनी आक्षेप घेतला तेव्हा बदललं. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलतात, त्यांच्या शहराशेजारी हे. मालकाला ज्यूंचा द्वेष होता असं मला वाटत नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि मला राग त्याचाच येतो. अशा माणसाला दंड करून काय होणार? त्याला वर्गात बसवायला हवं.

भाची: म्हणजे चिन्हाला शिक्षण. आणि गणवेशाला?

आत्या: गणवेशाला कायदा, हे तुझं ऐकते. इंग्लंडने केलाच. तिथल्या फॅसिस्टांचा पुढारी मोस्ली, त्याचे काळे शर्टवाले १९३४ मध्ये लंडनच्या ऑलिम्पियातल्या सभेत प्रश्न विचारणाऱ्यांना बडवत होते. ४ ऑक्टोबर १९३६ ला केबल स्ट्रीटवर लंडनच्या पूर्व भागातल्या ज्यूंनी, आयरिश गोदी कामगारांनी, कम्युनिस्टांनी त्यांची वाट अडवली. त्याच वर्षी संसदेने राजकीय गणवेशावर बंदी आणली, १ जानेवारी १९३७ पासून लागू.

भाची: आणि ती टिकली! प्रशियात टिकली नाही, इंग्लंडमध्ये टिकली.

आत्या: कारण तिथले पोलीस आणि न्यायाधीश त्या शर्टात नव्हते. बर्लिनमध्ये काय झालं? हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. २२ फेब्रुवारीला त्याचा मंत्री गोअरिंगने एसए, एसएस आणि माजी सैनिकांच्या श्टालहेल्म संघटनेचे मिळून सुमारे ५०,००० लोक प्रशियाचे सहायक पोलीस म्हणून नेमले. नवा गणवेश दिला नाही. त्याच शर्टाच्या दंडावर एक पांढरी पट्टी बांधली. कालपर्यंत त्या शर्टातला माणूस मारायला आला तर निदान पोलिसांकडे धावता येत होतं. पट्टी बांधल्यावर कुणाकडे धावणार? आणि महिनाभराने पॉट्सडामला, म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गपुढे मान लववायला हिटलर कशात गेला? काळ्या कोटात, उंच टोपी घेऊन, सभ्य गृहस्थासारखा. त्या दिवशी त्याला तपकिरी शर्ट नको होता.

भाची: म्हणजे माझ्या नाटकात सगळ्यात महत्त्वाचं कापड ती पांढरी पट्टी. पण नाटक १९३२ मध्ये संपतं.

आत्या: मग दिग्दर्शकाला सांग, एक वर्ष पुढे लिहून घे.

(वाद इथे थांबला, मिटला नाही. मुलीला अजूनही वाटतं, की सरकारला तपकिरी शर्टावर पट्टी बांधावीशी वाटली, कारण तो शर्ट आधीच पोलिसासारखा दिसत होता. बहिणीला वाटतं, की पट्टी नसती तर तो शर्ट मेक्सिकोच्या सोनेरी शर्टांसारखा तळटीपेत गेला असता. मी बहिणीकडे झुकतो, पण पूर्ण नाही. खासगी टोळीने सरकारसारखं दिसणं हा पहिला गुन्हा आहे, आणि सरकारने तिला आपलं म्हणणं हा दुसरा. पहिला वेळीच थांबवला तर दुसऱ्याला हिंमत करायला कठीण जातं.

युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीने यासाठी दोन वेगळे कायदे ठेवले, आणि ते आजही आहेत. एक दंडसंहितेतला, नाझी चिन्हांबद्दलचा. त्याची जगभर चर्चा होते, आणि त्यात कला, शिक्षण, संशोधन यांना सूट आहे. दुसरा १९५३ च्या सभाविषयक कायद्यातला, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. समान राजकीय मताची खूण म्हणून गणवेश किंवा एकसारखे कपडे घालून सार्वजनिक ठिकाणी वावरायला तो मनाई करतो. त्यात पक्ष कुठला, रंग कुठला, हे काहीही लिहिलेलं नाही. दोन्हींतून एकच निवडायचा झाला तर मी दुसरा निवडीन.)